रस्ते रुंदावले, वाटा हरवल्या

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा वाहतुकीस खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा पुरा होऊन ७०१ किलोमीटरांचा हा मार्ग ठाणे जिल्ह्यापर्यंत जाऊन पोहोचला. सुमारे ५५ हजार कोटी रुपयांचा हा प्रकल्प नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून सुरू होतो. ताशी १२० किलोमीटर वेगाने मोटारी धावाव्यात अशी त्याची रचना आहे. साहजिकच दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर यांना त्यावर मज्जाव आहे, मग सायकलीची गोष्टच नको. या नियमाला कोणीही शहाणा माणूस नावे ठेवणार नाही. इतक्या वेगाच्या रस्त्यावर सायकलस्वाराला सोडणे म्हणजे त्याला मृत्यूच्या दारात उभे करणे होय.

परंतु एका रस्त्यावर सायकलीला मनाई करणे जितके रास्त, तितकेच तिला दुसरी कोणती तरी वाट मोकळी ठेवणेही रास्त ठरते. ही दुसरी वाट कोठे आहे, हा प्रश्न विचारला तर उत्तर मिळत नाही. नागपूरहून निघणारा जबलपूर रस्ता, अमरावती रस्ता, वर्धा रस्ता, भंडारा रस्ता आणि उमरेड रस्ता हे पाचही रस्ते गेल्या वीस-पंचवीस वर्षांत रुंदावले. जेथे कडेच्या चिंचा, कडुलिंब व वड रुंदीकरणात गेले तेथे सावलीही गेली. डांबराच्या जागी काँक्रीट आले, गावांच्या बाहेरून वळणरस्ते निघाले आणि वाहतुकीचा वेग दुपटीने वाढला. या वाढीत सायकलीच्या वाट्याला काय आले, याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

सायकल कोणाची?

सायकल हे आता हौसेचे साधन झाले आहे, अशी एक समजूत शहरातील सुशिक्षित वर्गात रूढ आहे. रविवारी सकाळी शिरस्त्राण घालून फुटाळा, अंबाझरी, सेमिनरी हिल्स असा फेरफटका मारणारे तरुण पाहिले म्हणजे ती समजूत दृढ होते. वस्तुस्थिती निराळी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. स्कूटर वा मोटारसायकल २१ टक्के कुटुंबांकडे होती, आणि मोटारगाडी अवघ्या ४.७ टक्के कुटुंबांकडे. शेती आणि घरगुती उद्योग वगळता इतर कामांवर जाणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलीने आणि जवळजवळ २३ टक्के लोक पायी जात होते. त्यानंतरच्या काळात मोटारसायकलींची संख्या पुष्कळच वाढली, हे खरे. तरीही हिंगणा व बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत सकाळच्या पाळीला जाणारा हंगामी कामगार, इमारतीच्या कामावरचा गवंडी, रात्रपाळीचा पहारेकरी आणि खेड्यातून तालुक्याच्या शाळेत येणारी मुलगी यांना सायकलीवाचून गत्यंतर नाही.

एके काळी एम्प्रेस मिलचा भोंगा झाला की नागपुरातील रस्ते सायकलींनी भरून जात. १८७७ साली सुरू झालेली ती गिरणी २००२ मध्ये कायमची बंद पडली आणि तो लोंढाही ओसरला. त्या काळी शहरातील रस्ते आजच्याइतके रुंद नव्हते, पण ज्यांची संख्या अधिक त्यांच्या सोयीचे मात्र होते. रस्त्याची रुंदी हीसुद्धा एक सार्वजनिक संपत्ती आहे. ती कर देणाऱ्या सर्वांच्या पैशातून निर्माण होते आणि तिचेही वाटप होत असते. हे वाटप अंदाजपत्रकाच्या पुस्तकात दिसत नाही, एवढाच काय तो फरक. चौपदरी रस्त्याला आणखी दोन पदर जोडले जातात आणि कडेची मातीची पट्टी नाहीशी होते, तेव्हा ज्याच्याजवळ मोटार नाही त्याच्या हिश्शातून काहीतरी काढून ते मोटारवाल्याच्या हिश्शात घातलेले असते. अर्थशास्त्रात याला उत्पन्नाचे फेरवाटप म्हणतात. येथे ते गरिबाकडून श्रीमंताकडे होते आणि त्याला विकास असे नाव मिळते.

या फेरवाटपाची किंमत केवळ गैरसोयीत मोजून भागत नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मरण पावली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. सायकलस्वारांचे मृत्यू यात आणखी वेगळे. ज्यांच्यामुळे दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका पोहोचत नाही, असे हे दोन वर्ग. आणि रस्त्यावर सर्वांत असुरक्षित तेच.

एका विसंगतीकडे येथे लक्ष वेधावयास हवे. महाराष्ट्र शासन मानव विकास कार्यक्रमांतर्गत १२५ तालुक्यांतील इयत्ता आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देते. विदर्भातील अनेक तालुके त्यात आहेत. योजना उत्तम आहे. बिहारने २००६ साली अशीच योजना सुरू केली होती. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या योग्य वयाच्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे-मुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. ज्या गावांपासून शाळा तीन किलोमीटरांहून दूर होती तेथे हा परिणाम विशेष जाणवला. म्हणजे सायकल ही शिक्षणातील गुंतवणूक आहे, हे आता सिद्ध झालेले आहे. मात्र मुलीच्या हाती सायकल द्यावयाची आणि तिच्या गावापासून शाळेपर्यंतचा रस्ता ट्रकांच्या हवाली करावयाचा, हा व्यवहार विहीर खणून दोर न देण्यासारखा आहे. गावाबाहेरचा रस्ता महामार्ग झाला म्हणून सायकल घरातच ठेवण्याचा निर्णय एखाद्या बापाने घेतला, तर त्याला दोष देता येणार नाही.

चार दिशांची चार रूपे

हा झाला गरजेचा विचार. त्याला जोडून आणखी एक विचार येतो आणि तोही तितकाच महत्त्वाचा आहे. आपला प्रदेश डोळ्यांनी पाहण्याचा, पायांनी ओळखण्याचा सामान्य माणसाचा हक्क, असे त्याला म्हणता येईल. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी या वर्गाला दूरचा प्रवास क्वचितच परवडतो. परंतु नागपूरच्या भोवताली, सायकलीच्या एका दिवसाच्या टप्प्यात, जी विविधता पसरली आहे ती फार थोड्या शहरांना लाभली असेल.

याचे कारण भूगर्भात आहे. दख्खनचा काळा पाषाण पश्चिमेकडून येतो आणि नागपूरपाशी संपत जातो. सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स ही त्याची अखेरची ठाणी. शहराच्या पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात. खडक बदलला की माती बदलते, मातीबरोबर पीक बदलते आणि पिकाबरोबर गावाचे रूप व माणसाचे जेवणही बदलते. मोटारीच्या बंद काचेतून हा बदल लक्षात येत नाही. रेल्वेतून तो ओझरता दिसतो. सायकलीवरून मात्र तो चढ-उतारांत पोटऱ्यांना कळतो आणि वाऱ्याबरोबर नाकाला कळतो.

पश्चिमेला कळमेश्वर ओलांडून काटोलकडे निघाले की काळ्या जमिनीतील पऱ्हाटी आणि संत्र्याचे बगीचे लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहाराची फुले फुलली म्हणजे त्या बगीच्यांचा वास वाटसरूची सोबत करतो. दक्षिणेला पवनार आणि सेवाग्राम आहेत. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी ज्या शेगावात येऊन राहिले, त्याचेच नाव पुढे १९४० मध्ये सेवाग्राम झाले. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. साधेपणाचा आग्रह धरणाऱ्या या दोन महापुरुषांच्या स्थानी पोहोचण्यासाठी सायकलीइतके उचित वाहन दुसरे कोणते असेल?

उत्तरेची वाट रामटेकची. कालिदासाच्या मेघदूताशी ज्या रामगिरीचे नाते परंपरेने जोडले आहे, तो गड मैदानातून उठलेला दुरूनच दिसू लागतो. त्याच्या अलीकडे नगरधन, म्हणजे वाकाटकांचे नंदिवर्धन. पलीकडे खिंडसीचा तलाव, मनसरच्या मँगनीजच्या खाणी आणि तेथील उत्खननात निघालेले अवशेष. त्याहीपुढे पेंचचे सागाचे अरण्य. दोन हजार वर्षांचा इतिहास आणि आजचा उद्योग एका सकाळीत पाहावयास मिळतो.

पूर्व आणि आग्नेय दिशेची वाट सर्वांत निराळी. उमरेडच्या कोळशाच्या खाणींजवळून भिवापूरच्या मिरचीच्या शिवारात शिरावे आणि नागभीडकडे जावे, तसतसा कापूस मागे पडतो व धानाच्या बांध्या सुरू होतात. पाऊस वाढतो, जमिनीचा रंग पिवळसर होतो आणि मालगुजारी तलाव दिसू लागतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांनी व बोड्यांनी पूर्व विदर्भाची धानशेती शतकानुशतके जगविली. सरकारी पाटबंधारे खात्याचा जन्म होण्यापूर्वी लोकांनी पाण्याचे व्यवस्थापन कसे केले, याचा हा उघड्यावर मांडलेला पाठ आहे. महाविद्यालयातील विद्यार्थ्याला ग्रामीण अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकापेक्षा नागपूर ते नागभीड हा प्रवास अधिक काही शिकवील. पण तो त्याने जिवाची शाश्वती बाळगून कसा करावयाचा?

वाटा आहेतच

सायकलीसाठी नवे रस्ते बांधा, असे म्हटले की जमीन कोठून आणावयाची आणि पैसा कोणी द्यावयाचा, हे दोन प्रश्न उपस्थित होतात. ते योग्यच आहेत. परंतु बहुतेक वाटा अस्तित्वात आहेत. त्यांच्याकडे त्या दृष्टीने पाहिले गेलेले नाही.

पहिला प्रकार ग्रामीण रस्त्यांचा. डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि त्यानंतर लहानलहान गावे डांबरी रस्त्यांनी जोडली गेली. हे रस्ते साधारणतः पावणेचार मीटर रुंदीचे आहेत. त्यांवर दिवसातून दोन-चार बसगाड्या, काही ट्रॅक्टर आणि मोटारसायकली यांखेरीज फारशी वाहतूक नसते. महामार्गापासून दोन-तीन किलोमीटर आत शिरले की अशा शांत रस्त्यांचे जाळे लागते. त्यांना जोडणाऱ्या पांदणी आहेत. शेताच्या धुऱ्याधुऱ्याने बैलगाडीसाठी राखलेली पांदण ही विदर्भातील जुनी सार्वजनिक वाट. कित्येक पांदणी अतिक्रमणाने बुजल्या, कित्येक पावसाळ्यात चिखलाने बंद होतात. शेत व पाणंद रस्ते मोकळे करून पक्के बांधण्याची योजना राज्य शासनाने २०२१ मध्ये हाती घेतली आहे. ती शेतमालाच्या वाहतुकीसाठी आहे आणि तसेच असावयास हवे. पण जी वाट बैलगाडीला चालते ती सायकलीला सहज चालते. दोघींचे हितसंबंध एकच आहेत.

दुसरा प्रकार कालव्यांचा. प्रत्येक मोठ्या कालव्याच्या काठाने पाहणीसाठी एक रस्ता ठेवलेला असतो. पेंच प्रकल्पाच्या नवेगाव खैरी येथील धरणातून दोन कालवे निघतात. उजवा पारशिवनीच्या बाजूने नागपूरच्या दिशेने येतो, तर डावा रामटेक-मौद्याकडील शेतीला पाणी देतो. ज्या पाण्यावर नागपूर शहर जगते, त्याच्या काठाने शहरातील मुलांना कधी जाता आलेले नाही. कालव्याचा काठ सपाट असतो, कारण पाण्याला चढ चालत नाही. सायकलस्वारालाही तो चालत नाही. २२ एप्रिल १९८८ रोजी ज्याची पायाभरणी झाली त्या गोसीखुर्द प्रकल्पाचे कालवे भंडारा व चंद्रपूर जिल्ह्यांतून दूरवर गेले आहेत. त्यांनाही हेच लागू पडते. अर्थात कालव्याचा काठ सरसकट खुला करता येणार नाही. पाणी खोल असते, भिंती निसरड्या असतात आणि खात्याची कामे चालू असतात. ज्या भागात कठडे व झाडी लावणे शक्य आहे, असे निवडक तुकडे मात्र पाटबंधारे खात्याला ठरविता येतील.

तिसरा प्रकार सोडून दिलेल्या रस्त्यांचा आणि पुलांचा. वळणरस्ता झाला की गावातून जाणारा जुना रस्ता उरतो. नवा पूल झाला की जुना पूल उरतो. ब्रिटिश आमदानीतील दगडी पूल जड वाहतुकीला निरुपयोगी ठरले, तरी सायकलीचे आणि माणसाचे ओझे ते आणखी शंभर वर्षे सहज पेलतील. असे पूल पाडण्यापूर्वी किंवा ओसाड टाकण्यापूर्वी हा उपयोग विचारात घेण्याची पद्धत सार्वजनिक बांधकाम खात्याने घालून द्यावयास हवी.

शकुंतलेचा धडा

चौथा प्रकार बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचा. तो सर्वांत नाजूक आहे, कारण त्यात लोकांच्या भावना गुंतल्या आहेत.

विदर्भ हा एके काळी अरुंद रूळमार्गांचा प्रदेश होता. नागपूर-छिंदवाडा मार्गावरील छोटी गाडी २०१५ च्या अखेरीस बंद झाली व तेथे रुंद रूळ आले. इतवारी-नागभीड मार्ग नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद करण्यात आला. हे दोन्ही निर्णय योग्यच होते. परंतु त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. शंभर वर्षांपूर्वी संपादन केलेली जमिनीची ती लांबलचक पट्टी अखंड राहिली होती, म्हणून तिच्या आधारे रुंद मार्गाचा विचार करता आला. तीच पट्टी मध्यंतरी तुकड्यातुकड्यांनी विकली गेली असती, तर प्रत्येक गावात नव्याने भूसंपादन, नवे दावे आणि नवा खर्च उभा राहिला असता. रेल्वेच्या पट्टीची किंमत तिच्या क्षेत्रफळात नसते, अखंडतेत असते. शंभर किलोमीटरांच्या पट्टीतील एक किलोमीटर गेला की उरलेल्या नव्व्याण्णवांचे मोलही बुडते.

आता शकुंतलेकडे पाहावे. वऱ्हाडातील कापूस मुंबईच्या वाटेने मँचेस्टरला पोहोचविण्यासाठी किलिक निक्सन या कंपनीच्या पुढाकाराने हे मार्ग उभे राहिले. मूर्तिजापूर-यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर-अचलपूर ७६ किलोमीटर. पुलगाव-आर्वी हा ३५ किलोमीटरांचा फाटाही याच घराण्यातला. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे सरकारच्या ताब्यात आली, तरी शकुंतलेची मालकी खाजगी कंपनीकडेच राहिली, हे त्यातले वैशिष्ट्य. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन तिने १९९४ पर्यंत वापरले. शेतमजूर, आठवडी बाजाराला जाणाऱ्या बाया आणि शाळकरी मुले यांची ही गाडी. आज ती धावत नाही. रुंदीकरणाच्या घोषणा वारंवार झाल्या. २०१६ मध्ये तर सुमारे दीड हजार कोटी रुपयांचा आकडाही सांगण्यात आला. रुळांवर मात्र गवत वाढले आहे आणि कित्येक ठिकाणी झुडपांत रूळ दिसेनासे झाले आहेत.

या मार्गावर सायकली चालवा, असे सुचविले तर वऱ्हाडातील माणूस संतापेल, आणि त्याचा संताप योग्य आहे. त्याला रेल्वे हवी आहे. रेल्वेची मागणी गुंडाळण्यासाठी पुढे केलेले खेळणे, असेच रूप सायकलवाटेला येणार असेल तर ती नसलेलीच बरी. पण या दोन गोष्टी परस्परविरोधी असण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९८३ साली कायद्यात दुरुस्ती करून एक युक्ती काढण्यात आली. बंद पडणारा रेल्वेमार्ग मोडून विकावयाचा नाही. तो पुढेमागे रेल्वेसाठी लागेल म्हणून राखून ठेवावयाचा आणि तोपर्यंत पायवाट वा सायकलवाट म्हणून वापरावयाचा. रेल्वेची गरज उत्पन्न झाली की वाटेने बाजूला व्हावयाचे. १९९० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेही हा कायदा उचलून धरला. पैसा घरात पुरून ठेवण्याऐवजी बँकेत ठेवावा, तशी ही जमिनीची ठेव आहे.

ब्रिटनचा अनुभव याच्या उलट बाजूने हेच सांगतो. १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर तेथे हजारो मैलांचे मार्ग बंद झाले आणि पुष्कळ ठिकाणी जमिनी विकल्या गेल्या. एडिंबरोहून दक्षिणेकडे जाणारा १९६९ साली बंद झालेला मार्ग २०१५ मध्ये अंशतः पुन्हा सुरू करावयाचा झाला, तेव्हा मधल्या काळात त्यावर झालेली बांधकामे आडवी आली. ब्रिस्टल आणि बाथ या दोन शहरांतील बंद मार्गावर मात्र १९७९ ते १९८६ या काळात स्वयंसेवकांनी सायकलवाट तयार केली. ती पट्टी आजही अखंड आहे आणि रोज वापरात आहे.

वापरात असलेल्या वाटेवर अतिक्रमण होत नाही, हा आपल्याकडील खेड्यापाड्यांतलाही अनुभव आहे. अतिक्रमण होते ते ओसाड जमिनीवर. शकुंतलेच्या पट्टीवर उद्या झोपड्या, गोठे आणि दुकाने उभी राहिली, तर रेल्वेचे स्वप्न कायमचे संपेल. उलट तेथून रोज शे-दोनशे मुले सायकलीने शाळेत जाऊ लागली, तर ती मुलेच त्या पट्टीची राखण करतील. मालकीचा प्रश्न आधी सोडवावा लागेल आणि ही व्यवस्था तात्पुरती आहे हे लेखी नमूद करावे लागेल. तेवढे केले तर सायकलवाट रेल्वेचा मार्ग अडविणार नाही, तो राखील.

आक्षेपांचा विचार

सर्वांत मोठा आक्षेप देखभालीचा आहे. उत्तर प्रदेशात इटावा ते आग्रा असा २०७ किलोमीटरांचा सायकलमार्ग नोव्हेंबर २०१६ मध्ये थाटाने सुरू झाला. पुढे त्याची ठिकठिकाणी दुरवस्था झाल्याच्या बातम्या आल्या. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरातही रस्त्याकडेच्या सायकलपट्ट्यांवर मोटारी आणि हातगाड्या उभ्या राहतात. यावरून सायकलवाटा आपल्याकडे चालणार नाहीत, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. वरून आखलेल्या, दिखाऊ आणि गावकऱ्यांच्या उपयोगाशी संबंध नसलेल्या वाटा चालत नाहीत, एवढेच त्यातून सिद्ध होते. ज्या वाटेने शेतकरी वावरात जातो आणि मुलगी शाळेत जाते, तिची काळजी ग्रामपंचायत घेईल. केवळ रविवारच्या हौशी मंडळींसाठी काढलेल्या वाटेची काळजी सोमवारी कोणी घेणार नाही.

दुसरा आक्षेप हवामानाचा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा सायकल कोण चालविणार? पण मजूर त्याच उन्हात चालवितोच. प्रश्न त्याला सावली देण्याचा आहे. हैदराबादने ऑक्टोबर २०२३ मध्ये बाह्यवळण रस्त्यालगत २३ किलोमीटरांची सायकलवाट खुली केली आणि तिच्यावर सौर तक्त्यांचे छप्पर घातले. आपल्याकडे एवढा खर्च करण्याची आवश्यकता नाही. कडुलिंब आणि करंज यांची दुतर्फा लागवड तेच काम अधिक स्वस्तात करील. शिवाय ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे पाच महिने विदर्भासारखे हवामान युरोपातील सायकलस्वारांच्या नशिबीही नसते.

तिसरा आक्षेप वन्य प्राण्यांचा, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. पेंच, उमरेड-कऱ्हांडला आणि बोर या अभयारण्यांच्या परिसरात वाघाचा वावर आहे. सायकलवाटा जंगलाच्या गाभ्यापासून दूर ठेवाव्यात आणि जंगलालगतचे तुकडे सायंकाळनंतर बंद असावेत. येथे आणखी एक गोष्ट आठवते. पेंचमधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ रुंद करताना वन्य प्राण्यांना रस्त्याखालून जाता यावे म्हणून नऊ ठिकाणी मोठे पूल व भुयारी मार्ग बांधण्यात आले. वाघ आणि हरणे त्यांचा उपयोग करतात, हे लावलेल्या कॅमेऱ्यांनी दाखवून दिले आहे. ही अभिमानाची गोष्ट आहे. मुक्या प्राण्याला रस्ता ओलांडता यावा म्हणून जो देश इतका विचार करू शकतो, त्याला आठवीतल्या मुलीला तोच रस्ता सायकलीने ओलांडता यावा याचा विचार करणे अवघड जाऊ नये.

आरंभ कोठून?

नेदरलँड्‌स हा देश जन्मापासून सायकलींचा होता असे नाही. तेथेही साठीच्या दशकात मोटारींचा पूर लोटला आणि रस्त्यांवर शेकडो मुले मेली. सत्तरीच्या आरंभी पालकांनी त्याविरुद्ध चळवळ उभारली. १९७३ च्या अखेरीस तेलाचे संकट आले, तेव्हा सरकारने काही रविवारी खाजगी मोटारी बंद ठेवल्या आणि मोकळे रस्ते कसे दिसतात हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर तेथील धोरण बदलत गेले. तेलाची आयात हे संकट आपल्या देशाला तर कायमचे आहे.

त्यांच्या शेजारच्या बेल्जियममधील एक कल्पना विदर्भाला फार उपयोगी पडेल. तेथील लिंबुर्ग या कोळशाच्या मुलखात, खाणी बंद पडल्यानंतर, ह्युगो बोलेन या खाण-अभियंत्याच्या कल्पनेतून १९९५ मध्ये सायकलवाटांचे एक जाळे आखण्यात आले. नवे रस्ते फारसे बांधले नाहीत. जे शांत रस्ते होते त्यांच्या प्रत्येक मिलनस्थानाला क्रमांक दिला आणि तेथून पुढच्या क्रमांकाकडे बाण दाखविणारी पाटी लावली. प्रवाशाने क्रमांकांची यादी खिशात ठेवावी आणि निघावे. खर्च मुख्यतः पाट्यांचा. आज ती पद्धत बेल्जियम आणि नेदरलँड्‌समध्ये सर्वत्र रूढ झाली आहे.

उमरेड आणि सावनेर हेही कोळशाचेच मुलूख आहेत. नागपूर जिल्हा परिषदेने तालुक्यातालुक्यांतील कमी वाहतुकीचे रस्ते निवडून त्यांच्या मिलनस्थानांना असे क्रमांक द्यावेत. जिल्हा नियोजनाच्या निधीतून हे काम होऊ शकेल. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांना पाहणीचे काम द्यावे. कोणत्या रस्त्यावर कोणत्या वेळी किती ट्रक जातात, कोठे सावली आहे आणि कोठे पाणी मिळते, याची नोंद तेच उत्तम करतील. पहिला प्रयोग नागपूर ते रामटेक या वाटेवर व्हावा. कामठी आणि नगरधनच्या बाजूने, जेथे शक्य तेथे कालव्याच्या काठाने, महामार्गाला शक्य तितका कमी स्पर्श करून ही वाट निघू शकते. जेथे महामार्ग ओलांडणे अटळ आहे तेथे भुयारी मार्ग असावा. वाटेवरच्या गावांत चहा आणि तर्री-पोह्यांची दुकाने निघतील, सायकल दुरुस्त करणाऱ्याला काम मिळेल. संत्री विकणाऱ्या बाईला गिऱ्हाईक दारात मिळेल. महामार्गावरची मोटार गावाला धूळ देऊन निघून जाते. सायकलस्वार मात्र गावात थांबतो, कारण त्याला तहान लागते.

अर्थात या सर्व गोष्टी पर्यटनाच्या नावाखाली होऊ नयेत. पर्यटन हा या वाटांचा दुय्यम लाभ आहे. मुख्य कसोटी एकच असावी : या वाटेने गावातील मुलगी एकटी शाळेत जाऊ शकते काय? जी वाट तिच्यासाठी सुरक्षित असेल, ती नागपूरच्या शिक्षकासाठी, कारकुनासाठी आणि विद्यार्थ्यासाठीही सुरक्षित ठरेल. प्रदेश पाहण्याचा त्यांचा आनंद तिच्या सोयीवर उभा राहील, आणि तसाच तो राहावयास हवा.

मुंबईला काही तासांत पोहोचण्याची सोय विदर्भाने मिळविली, हे चांगलेच झाले. रामटेकला सायकलीने सुखरूप जाऊन येण्याची सोय मात्र त्याने याच काळात गमावली. पहिल्या सोयीसाठी ५५ हजार कोटी रुपये उभे राहिले. दुसरीसाठी काही पाट्या, काही झाडे, दोन-चार भुयारी मार्ग आणि पाटबंधारे, बांधकाम व रेल्वे या तीन खात्यांची एकत्र बैठक एवढे पुरे आहे. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त असली, तरी सर्वांत दुर्मिळ तीच आहे. आरंभ तेथूनच व्हावयास हवा.